विचारून घेतलेलं पाणी

एकोणीसशे शहाण्णव साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि वसईच्या कोर्टात तोवर एकदाच गेलो होतो, तेही छत्री उलटी झाली म्हणून आडोशाला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं सगळे सांगतात. सांगणारे बहुतेक वरच्या पायरीवर उभे राहूनच सांगतात.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीत बापाने वाडीत घेतलं, कारण मास्तरांपेक्षा पानवेलींना माझी जास्त गरज होती. सही येते, पेपर वाचतो, रविवारी देवळात मिस्सेला प्रार्थनेचं पुस्तक हातात असतं तेव्हा ते सुलटं धरलेलं असतं. हे जे लिहिलंय त्याचं शुद्धलेखन सुनेने तपासलं आहे. मजकुराला हात लावू दिलेला नाही.

आमच्या भुईगावच्या बाजूला आता कुणाला वकील करायचा झाला की तो आधी माझ्या ओटीवर येऊन बसतो. मी दावा हरलेला माणूस, तरी येतात. जिंकलेल्याकडे जाऊन उपयोग नसतो. तो म्हणतो, मी खरा होतो म्हणून जिंकलो, आणि चहा पाजून पाठवून देतो. हरलेल्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

तर बावखल. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, वाडवडिलांनी हाताने खणलेलं. समुद्र आमच्या इतका जवळ की जमिनीत खोल गेलात तर खारं पाणी लागतं. गोडं पाणी वरच्या वाळूत असतं, ते झिरपून बावखलात येतं. माझी वाडी केळीची आणि पानवेलींची, कडेला थोडा चाफा. तिला पाणी होतं ते शेजाऱ्याच्या बावखलाचं. बावखल त्यांच्या हद्दीत, पण माझ्या कुंपणाला अगदी खेटून. आजोबांच्या वेळी त्यावर रहाट होता, बापाच्या वेळी डिझेलचं इंजिन आलं, माझ्या वेळी विजेची मोटार. शेजारी हिंदू, आम्ही ख्रिस्ती. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून यायचा, नाताळचा आमच्याकडून जायचा. पाण्याचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

मग शेजारी वारला. माझ्याच वयाचा, बरोबर वाढलेला. त्याचा मुलगा मुंबईला ऑफिसात, राहायला स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये. वडिलांचं कार्य झालं आणि थोड्याच दिवसांत बावखलाभोवती तारेचं कुंपण उभं राहिलं. माझ्या मोटारीचा पाइप बाहेर काढून, छान गुंडाळून माझ्या बांधावर ठेवलेला. गुंडाळून ठेवला याचाच मला जास्त राग आला. फेकला असता तर तिथल्या तिथे भांडता आलं असतं.

"काय रे, हे काय?" मी त्याला विचारलं.

"काका, सातबाऱ्यावर बावखल आमच्या नावावर आहे. पुढेमागे जागा विकायची झाली तर लोक विचारणार, हे पाणी नक्की कुणाचं."

"तुझ्या बापाला विचार, कुणाचं ते."

"बाबा गेले, काका."

"म्हणून तर तुझं फावलं!"

हे शेवटचं बोलायला नको होतं असं बायको घरी म्हणाली. मीही तसंच म्हणणार होतो, पण ती आधी म्हणाली.

उन्हाळा तोंडावर होता. पानवेल म्हणजे लाडावलेली सून, एक आठवडा पाणी चुकलं की तोंड फिरवते. वाडी वाळली असती तर माझ्याजवळ विकायला एकच वस्तू उरली असती, जमीन, आणि ती घ्यायला टपलेली माणसं पांढऱ्या गाड्यांतून आमच्या गल्लीत फिरतच होती. वाडी राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता. मी वकील करायला निघालो.

पहिला वकील आमच्याच धर्मग्रामातला, म्हातारा, हळू बोलणारा. रविवारी देवळात आमच्या मागच्या बाकावर बसायचा. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कागद काय आहे?"

"कागद कसला? पाणी आहे."

"साक्षीदार?"

"सारा गाव."

"सारा गाव कोर्टात येत नाही रे बाबा. पिंजऱ्यात उभी राहतील अशी दोन माणसं सांग." मग चष्मा पुसत म्हणाला, "दावा होईल. पण सोपा नाही. आधी मी त्या मुलाला एक पत्र टाकतो. बोलून बघू."

मी उठलोच. मी वकील करायला गेलो होतो, पोस्टमन करायला नाही. बाहेर बायको उभी होती, तिला म्हटलं, "ह्याच्यात दम नाही."

तेव्हा माझी समजूत अशी होती की वकील बैलासारखा निवडावा. वशिंड बघावं, शिंगं बघावीत, डुरकणी ऐकावी. म्हणून मी वसईला कोर्टाच्या आवारात जाऊन दोन दिवस नुसता उभा राहिलो आणि कुणाभोवती जास्त माणसं आहेत ते बघितलं. एकाभोवती नेहमी गर्दी असायची. चाळिशीचा, देशावरून येऊन वसईत स्थायिक झालेला, आवाज असा की वरच्या कोर्टात बोलला तर खाली चहावाल्याने कान टवकारावेत. मी त्याला गाठलं आणि म्हटलं, "साहेब, शेजाऱ्याच्या बावखलाचं..."

"बाबा, केस आपलीच आहे!" तो म्हणाला.

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला केस कळली, याचं मला केवढं कौतुक वाटलं! डॉक्टर नाडीला हात लावायच्या आधी 'बरा होशील' म्हणाला असता तर मी त्याला भोंदू म्हटलं असतं. वकिलाच्या वकीलपत्रावर मात्र मी उभ्याउभ्या सही केली. फी दाव्याची एकदम की प्रत्येक तारखेची वेगळी, हेसुद्धा विचारलं नाही. विचारणं मला हलकेपणाचं वाटलं. मुलाच्या लग्नात बँडवाल्याशी अख्खी दुपार घासाघीस करणारा मी.

माणूस वाईट नव्हता, हे इथेच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यावरून कुणाचा तसा समज होईल.

दावा लिहून झाला तेव्हा त्याच्या कारकुनाने तो मला वाचून दाखवला. मिस्सेच्या शेवटी सूचना वाचतात तशा वेगाने. एका ठिकाणी मी त्याला थांबवलं. तिथे लिहिलं होतं, "वादी हा सदर बावखलाचे पाणी उघडपणे, शांततेने, अखंडपणे, हक्काने व कोणाच्याही परवानगीशिवाय वापरत आला आहे."

"परवानगीशिवाय म्हणजे?"

"म्हणजे कुणाला न विचारता."

"मी काय चोर आहे?"

कारकून हसायला लागला. वकील आत फोनवर होता, त्याने फोनवर हात ठेवून ओरडून सांगितलं, "बाबा, कायद्याची भाषा आहे ती! करा सही!"

मी केली. सहीच्या वर लिहिलं होतं की सर्व मजकूर मी वाचला, समजून घेतला व तो माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. म्हटलं, ही पण कायद्याची भाषाच असेल.

पंधरवड्यात कोर्टाकडून मनाई हुकूम मिळाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत पाणी अडवायचं नाही. मुलाने मुकाट्याने तार एका बाजूने सोडली, माझा पाइप परत पाण्यात गेला. मी गल्लीत पेढे वाटले. एक पुडा शेजारच्या घरीही पाठवला होता, तो बायकोने अर्ध्या वाटेतून परत आणला. वकिलाने सांगितलं होतं, "बाबा, हा निकाल नाही हं. निकाल लागेपर्यंतचा बंदोबस्त आहे." त्यातलं मी 'बंदोबस्त' तेवढं ऐकलं. आता माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, पेढे खायचेच असतील तर आपले आपण घरात खावेत.

मग तारखा सुरू झाल्या. मी रविवारचा सदरा घालून सकाळची एसटी पकडायचा, बाकावर बसायचा, पुकारा व्हायचा, कोणीतरी काहीतरी पुटपुटायचं, आणि पट्टेवाला पुढची तारीख सांगायचा. दर वेळी वकील मला बघून क्षणभर थांबायचा. मी कोण ते आठवत असायचा. "हां, बावखल!" असं म्हणाला की मला बरं वाटायचं. मला गावात बापाच्या नावाने ओळखतात, इथे पाण्याच्या नावाने. माझा तो एकच वकील, त्याच्याकडे मात्र माझ्यासारखे बाकभर. हे कळायला शाळा लागत नाही, पण मला वेळ लागला. त्याने "नवीन काही?" विचारलं की मी रहाटापासून सुरुवात करायचो. तो घड्याळ बघायचा. मग मी मुद्दाम आणखी मागे जायचो.

आणि एके दिवशी मी ते बघितलं. कोर्टाबाहेरच्या गाडीवर माझा वकील आणि त्या मुलाचा वकील एका बशीतली भजी खात होते. नुसती खात नव्हते, हसत होते. आतमध्ये पाऊण तासापूर्वी दोघे एकमेकांवर असे धावून गेले होते की मला वाटलं आता पोलीस बोलवावे लागतात.

मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "फितूर झाला. एका बशीत खात होते."

"मग काय वकिलांनी दावा संपेपर्यंत उपास करायचा?"

"हसत होता तो."

"तुम्ही ज्याच्यावर पाण्यासाठी दावा लावलाय, त्याच्या बापाबरोबर जन्मभर हसलात. ते काय होतं?"

बायकांना कोर्टातलं कळत नाही असं म्हणून मी जेवायला बसलो. पुढच्या तारखेला वकिलालाच तोंडावर विचारलं. तो चिडला नाही. म्हणाला, "बाबा, माझं त्याच्याशी भांडण नाही. भांडण तुमचं. मी फक्त तुमच्या वतीने बोलतो." याचा मला अपमान वाटला. मी ठरवलं, ह्याला आता लागेल तेवढंच सांगायचं. किती लागेल तेही मीच ठरवलं.

एक गोष्ट मी पुष्कळदा बोलून दाखवतो. फादरसमोर पाप कबूल करायला गुडघे टेकतो तेव्हा आपण फक्त वाईट तेवढं सांगतो. चांगलं सांगायला लागलो तर फादर म्हणेल, पुढे चल. वकिलासमोर बसलो की बरोबर उलटं. आपण किती सरळ, किती घराणेशीर, समोरचा किती नीच, एवढंच. दोघेही ऐकलेलं बाहेर सांगत नाहीत. पण फादरला काय सांगायचं ते लहानपणी शिकवलेलं असतं, वकिलाला काय सांगायचं ते कुणी शिकवत नाही.

साक्षीची तारीख लागली. आदल्या दिवशी नाक्यावरच्या किराणा दुकानात कारकुनाचा फोन आला. दुकानदाराने मला हाक मारली.

"साहेबांनी संध्याकाळी ऑफिसला बोलावलंय. उद्याच्या उलटतपासाची तयारी करायची आहे. समोरचा वकील काय काय विचारील ते सांगतील."

"खरं बोलायला तयारी कसली?" मी म्हणालो. "मी काय नाटकात काम करतोय?"

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. सगळ्यांनी मान डोलावली. मी संध्याकाळी ऑफिसला न जाता केळीला पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभं राहून देवाला स्मरून शपथ घेतली. माझ्या वकिलाने विचारलं ते मी सांगितलं. रहाट, इंजिन, मोटार. सगळं सुरळीत झालं. मग त्या मुलाचा वकील उठला. बारीक चणीचा, चष्मा लावणारा, आवाज इतका मऊ की प्रश्न विचारतोय की घोटभर पाणी मागतोय ते कळू नये.

"काका, तुमचे आणि मयत शेजाऱ्यांचे संबंध कसे होते?"

"भावासारखे."

"कधी भांडण?"

"कधीच नाही."

"तुम्ही जुन्या वळणाची माणसं. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

मी पिंजऱ्यात ताठ झालो. "आमच्या सात पिढ्यांत कुणी लावला नाही."

"मग पाणी घेतानाही विचारत असाल."

माझ्या वकिलाची खुर्ची करकरली. मला वाटलं, माझं घराणं ऐकून तो सरसावून बसला.

आणि मी सांगितलं. पावसाळा सरला की मोटार पहिल्यांदा चालू करायच्या आधी, राजेळी केळ्यांचा घड घेऊन मी शेजाऱ्याच्या ओटीवर जायचो. "पाणी घेऊ का?" असं विचारायचो. तो म्हणायचा, "घे की." मग आम्ही पान खायचो. माझा बाप त्याच्या बापाकडे असाच जायचा. आमच्याकडे ही रीत आहे. माणसाने माणसाला विचारावं.

"फार सुंदर रीत आहे," वकील म्हणाला. "आणि ते दरवर्षी परवानगी द्यायचे?"

"दरवर्षी. एकदाही नाही म्हणाला नाही. देवमाणूस होता."

"आणि समजा, एखाद्या वर्षी नाही म्हणाले असते तर?"

"तर नसतं घेतलं! जबरदस्ती करणारी माणसं नाही आम्ही."

न्यायाधीशसाहेबांनी सकाळपासून पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी टायपिस्टला सांगायला सुरुवात केली, "हे म्हणणे खरे आहे की, मी दरवर्षी मयत शेजाऱ्यांची परवानगी घेऊन पाणी वापरत असे. हे म्हणणे खरे आहे की, त्यांनी परवानगी नाकारली असती तर मी पाणी घेतले नसते."

"साहेब, केळ्यांचा घडही लिहा," मी म्हणालो. "रिकाम्या हाताने जात नव्हतो."

साहेबांनी तोही लिहून घेतला.

माझा वकील उठला. फेरतपासणीला परवानगी मागितली. त्याचा तो कोर्ट हलवणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "बाबा, नीट आठवून सांगा. तुम्ही शेजाऱ्यांकडे जायचात ते मोटार चालू करतोय एवढं फक्त कळवायला. बरोबर?"

मऊ आवाजाचा वकील "हरकत आहे, उत्तर तोंडात घालताहेत" म्हणत अर्धा उठला होता, पण त्याची गरज पडली नाही. मी म्हणालो, "कळवायला नाही, विचारायला. कळवायला तलाठी येतो."

मागे बसलेली माणसं हसली. मला वाटलं, जिंकलो.

बाहेर आवारातल्या झाडाखाली माझा वकील थांबला. डोक्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बाबा, हे केळ्यांचं मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही."

"तुम्ही माझ्यापासून लपवलंत."

"लपवलं? साऱ्या गावाला माहीत आहे!"

"मी तुमच्या गावचा नाही हो!" आता त्याचा खरा आवाज परत आला. चहावाला बघायला लागला. "दुसऱ्याच्या जागेतल्या पाण्यावर हक्क लागतो तो वीस वर्षं उघडपणे, हक्काने घेतलं तर. विचारून घेतलं की ती मेहेरबानी. देणाऱ्याची मर्जी असेल तोवर."

मी जरा विचार केला. "म्हणजे वीस वर्षं न विचारता घेतलं असतं, तर पाणी माझं झालं असतं?"

"झालं असतं."

"आणि माणसासारखं विचारलं म्हणून गेलं?"

"तसंच समजा."

"मग हा कायदा चोरांनी केलाय."

"कोणीही केला असेल, तुम्ही त्यावर सही केली आहे. परवानगीशिवाय, असं लिहिलंय दाव्यात. तुमच्या सहीने. आणि आज शपथेवर बरोबर उलटं सांगितलंत." तो दगडावर बसला. "हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी दावा दुसऱ्या पायावर उभा केला असता. ते बावखल मुळात खणलं कोणी?"

"खणलं आमच्या आजोबांनी आणि त्या मुलाच्या पणजोबांनी. दोघांनी मिळून. एक टोपली ह्याने उचलायची, एक त्याने."

वकील माझ्याकडे बघतच राहिला. "दोघांनी मिळून?"

"हे पण साऱ्या गावाला माहीत आहे."

"मग ते निम्मं तुमचंच की हो! मग दुसऱ्याच्या पाण्यावरचा हक्क कशाला मागत बसलात? कोण सांगेल हे कोर्टात?"

ज्याने ते आपल्या बापाच्या तोंडून ऐकलं होतं, असा एकच म्हातारा गल्लीत होता. आदल्या वर्षी तो वारला. त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला होता, आणि तिथून तसाच कोर्टात तारखेला गेलो होतो.

वकिलाने त्यानंतर जीव तोडून काम केलं, हे मी कुणाहीपुढे सांगेन. दाव्यात दुरुस्ती मागितली, जुन्या मोजणीचे नकाशे काढले, मुद्दे मांडताना तासभर बोलला. पण माझं एक वाक्य त्याच्या तासाभराला पुरून उरत होतं. समोरचा वकील फक्त तेवढं वाचून दाखवायचा आणि खाली बसायचा. पुष्कळ लोक मला विचारतात, वकील हुशार आहे की नाही हे कसं ओळखायचं. मी म्हणतो, तो आधी तुझं किती ऐकतो ते बघ, आणि मग तू त्याला काय सांगत नाहीस ते बघ. गावाला जे माहीत आहे ते आधी सांग. लाज वाटते ते सांग. ज्याचा फार अभिमान वाटतो ते तर सगळ्यात आधी सांग, कारण नेमकं तेच समोरचा विचारणार आहे. आणि तयारीला बोलावलं तर जा. खरं बोलायला तयारी लागत नाही असं मला अजून वाटतं. पण विचारलं तेवढंच बोलून गप्प बसायला फार तयारी लागते.

एक मात्र आहे. शपथेवर मी खोटं बोललो नाही. बायको म्हणते, हे तुम्ही एखाद्या पदकासारखं मिरवता. मिरवतो. दुसरं त्या दाव्यातून काय मिळालं?

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्याआधी निकाल लागला. दावा फेटाळला, मनाई हुकूम उठला. निकालात माझ्या घराण्याच्या रीतीबद्दल दोन चांगले शब्द होते म्हणे. वकिलाने ते मला मराठीत करून सांगितले. हरलेल्याला वाजतगाजत घालवावं तसं.

"ठाण्याला अपील करू," तो म्हणाला. "मुदत आहे. पण तुम्हाला सरळ सांगतो बाबा, अवघड आहे."

पहिल्यांदाच तो मला त्या म्हाताऱ्या वकिलासारखा वाटला, आणि पहिल्यांदाच मी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. "अपील नको," मी म्हटलं. त्याने सगळ्या कागदांच्या नकला माझ्या हातात दिल्या आणि मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "मीही हरलोय, बाबा." फी घेणारा माणूसही हरतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

थांब्यावर शेजाऱ्याचा मुलगा आला. ऑफिसला रजा टाकून आलेला. जरा दूर उभा राहिला, मग जवळ आला.

"काका, मी लगेच पाणी तोडणार नाही. हा उन्हाळा घ्या, पुढचाही घ्या. फक्त बाबांना विचारायचात तसं एकदा मला विचारा."

"हे तुझं तू म्हणतोस की तुझा वकील?"

तो खाली बघायला लागला. "वकील म्हणाले, विचारलं तर द्यायला हरकत नाही."

"तुझ्या बापाला विचारत होतो. तू आधी मोठा हो."

तो चाळीस वर्षांचा होता. एसटी आली, मी चढलो.

घरी बायको पायरीवर लसूण सोलत बसली होती. निकाल तिला माझ्या चालण्यावरूनच कळला. मुलाचं बोलणं मी सांगितलं तेव्हा मात्र तिने हात थांबवले.

"विचारलं तर वाडी वाचते?"

"हो."

"मग विचारा ना. एवढी वर्षं विचारत होतात."

"तेव्हा मित्राला विचारत होतो. आता विचारलं की आजोबांनी खणलेलं पाणी कायमचं त्याचं झालं, माझ्या तोंडाने. एवढा कायदा मला आता कळतो."

"पाच वर्षांनी कळला."

"कळला ना?"

"आणि वेलींना काय घालू? आजोबांचं नाव?"

आम्ही जेवलो. ती भांडी घासायला गेली आणि मी वाडीत एक फेरी मारली. माझ्या वाडीचा पश्चिमेचा कोपरा सखल आहे, पावसात तिथे पाणी साचतं आणि सगळ्यांच्या मागून आटतं. तिथे केळीची एक चांगली ओळ होती आणि कडेला बायकोने लावलेला चाफा. मी तिथे बराच वेळ उभा होतो. वाळूत पाय रुतवून बघितला, गार लागला. आत आलो तर बायको जागीच होती. तिला म्हणालो, "केळीची ती ओळ गेली तर चालेल?"

"चाफा नाही जाणार," ती म्हणाली आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगा तार लावायला यायच्या आत, मी मोटार पाण्यातून काढून घरी आणली. मग कोयता घेऊन पश्चिमेच्या कोपऱ्यातली केळीची ओळ तोडली, दोरी टाकून चौकोन आखला आणि कुदळ मारली. वरची माती निघाली, खाली ओलसर वाळू लागली. थोड्या वेळाने बायको घमेलं घेऊन आली. चाफ्याकडच्या बाजूला तिने एक दगड ठेवला, ह्याच्यापुढे यायचं नाही म्हणून, आणि वाळू उचलायला लागली.